सोडलेला गडी

आमच्या घरी दर भाऊबीजेला भांडण होते. वाचकांनी भलता तर्क करू नये. ते ओवाळणीवरून होत नाही, की जमिनीच्या बांधावरून होत नाही. बहीणभावाचे अगदी गूळपोळीसारखे जमते. भांडण होते ते माझे आणि माझ्या मेव्हण्याचे, आणि तेही कबड्डीवरून. ओवाळून झाले, करंजीचा तुकडा तोंडात गेला, की मेव्हणा पाटावरून उठता उठता पहिली चढाई करतो आणि मी माझा कोपरा सांभाळू लागतो. आमची ही म्हणते, "पुढच्या वर्षी तुम्हां दोघांना अंगणातच ओवाळते आणि मध्ये चुन्याची रेघ मारून देते."

मेव्हणा मुरबाडचा, मी शहापूर तालुक्यातला. नकाशात हे दोन तालुके खांद्याला खांदा लावून बसलेले दिसतील. पण दोघांची तोंडे दोन दिशांना आहेत. शहापूरकर सकाळी उठतो आणि आसनगावला जाऊन लोकल धरतो. त्याची नोकरी मुंबईकडे, त्याचा बाजार मुंबईकडे, आणि तानसा-भातसाचे पाणीसुद्धा मुंबईलाच. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आमच्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या आयाबाया ती उभ्या उभ्या शिकवतात. मुरबाडला आगगाडी नाही. तिथला रस्ता टोकावड्यावरून जातो, माळशेज घाट चढतो आणि पलीकडे जुन्नर तालुक्यात, म्हणजे पुणे जिल्ह्यात निघतो. तेव्हा मेव्हण्याचे घर पुणेरी पलटणचे आणि आमचे घर यू मुंबाचे, हे भूगोलानेच ठरवून ठेवले आहे.

आता हे दोन संघ म्हणजे काय, ते ठाऊक नसलेले वाचकही असतील. त्यांच्यासाठी चार शब्द सांगतो. २०१४ साली आपल्या मातीतल्या कबड्डीची प्रो कबड्डी नावाची लीग सुरू झाली. खेळ मातीवरून गादीवर आला, गडी दूरदर्शन संचावर आले, आणि त्यांचा लिलाव होऊ लागला. पहिल्या लिलावात सर्वांत महाग गडी होता राकेश कुमार, पाटण्याने बारा लाख ऐंशी हजारांना घेतलेला. तेव्हा आमच्या देवळाच्या पायरीवर लोकांनी तोंडात बोटे घातली होती. २०२३ मध्ये पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने दोन कोटी साठ लाख पन्नास हजार मोजले, तेव्हा बोटे घालायला कोणाला सवडच मिळाली नाही. जो तो खिशातल्या फोनवर शून्ये मोजत होता.

आम्हांला लिलावाचे नवल नाही. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते, तिथला बैलबाजार ज्याने पाहिला आहे त्याला कसलाच लिलाव नवा वाटणार नाही. बैलाचे दात पाहायचे, तो दुसा की चौसा की जुळलेला ते ठरवायचे, पाठीवरून हात फिरवायचा, चार पावले चालवून बघायचे. आणि मग हेडी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव सांगणार. घेणाऱ्याला आनंद, देणाऱ्याच्या घशात आवंढा. फरक इतकाच, की बैलाला भाव कळत नाही. गड्याला तो कळतो, आणि त्याच्या आईलाही कळतो.

या लिलावाच्या आधी एक तारीख असते. त्या तारखेच्या आत प्रत्येक संघाने सांगायचे, की कोणते गडी राखणार आणि कोणते सोडणार. आमची सारी भांडणे या तारखेच्या आसपास जन्म घेतात आणि भाऊबीजेपर्यंत चांगली बाळसे धरतात.

गेल्या वर्षीचीच, म्हणजे २०२५ ची भाऊबीज सांगतो. त्या वेळी लीगची साखळी संपत आली होती. पुण्याचा संघ वरच्या रांगेत होता, त्यामुळे मेव्हणा एस.टी.तून उतरला तोच छाती काढून.

"काय भावोजी, तुमच्या मुंबईने २०१६ नंतर अंतिम सामना पाहिला का हो? का तिकीट काढूनच बघावा लागतो?"

"आमच्या कपाटात २०१५ चा चषक आहे," मी म्हटले.

"असेल. पितळ काळं पडलं असेल. आमचा २०२४ चा आहे, अजून चकाकतो."

हे खरे होते, म्हणून जास्तच झोंबले. पहिल्या तीन हंगामांत मुंबई तिन्ही वेळा अंतिम सामन्यात होती. एकदा जिंकली, दोनदा हरली. अनुप कुमार हा हरियाणाचा माणूस पाच हंगाम आमचा कप्तान होता आणि आम्हांला तो आसनगाव-वासिंदकडचाच वाटू लागला होता. २०१८ मध्ये तो जयपूरकडे गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निवृत्त झाला. मग आम्ही नव्याने मोट बांधली. कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई छत्तीस लाख चाळीस हजारांना घेतला. त्या पोराने एकाच हंगामात दोनशेवर गुण आणले. आणि पुढच्या वर्षी? आम्ही त्याला सोडले! तेलुगू टायटन्सने एक कोटी पंचेचाळीस लाखांना उचलला.

"सापडलेलं माणिक बाजारात मांडणारे तुम्ही," मेव्हणा म्हणाला. "संघ बांधायचा म्हणजे काय करायचं ते पुण्याकडून शिका. २०२२ मध्ये आम्ही अंतिम सामना हरलो. कप्तान फजल अत्राचली, इराणचा, एक कोटी अडतीस लाखांचा. मोठं नाव. तरी त्याला सोडला आणि कप्तानपद कोणाला दिलं? अस्लम इनामदारला. नगर जिल्ह्यातलं पोर! पुढच्याच हंगामात, १ मार्च २०२४ ला, हैदराबादेत हरियाणाला २८-२५ हरवून चषक आणला. म्हातारी नावं सोडावी, पोरं राखावी!"

"आणि त्या पोरांच्या जोडीला दोन कोटी पस्तीस लाखांचा शादलूई कोणी घेतला होता? सगळ्या संघाला मिळून खर्चायला पाच कोटी. त्यातले जवळजवळ निम्मे एकट्यावर. त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक गुण कोणाचे? तुमच्या पोरांचे की इराणच्या पाहुण्याचे?"

मेव्हण्याने लाडू उचलला. लाडू उचलला की त्याला उत्तर सुचलेले नसते.

मी पकड घट्ट केली. "मग त्यालाही सोडलात. तो गेला हरियाणात, दोन कोटी सात लाखांना. २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणाने चषक उचलला तो कुठे? बालेवाडीत! पुण्यात! तुम्ही सोडलेल्या गड्याने तुमच्याच अंगणात येऊन!"

"पण आमची पोरं तीच आहेत ना अजून?" मेव्हणा लाडू संपवून म्हणाला. "त्या वर्षी अस्लम जायबंदी झाला, हरलो. तरी मोडली नाही मोट. आज बघा, पुन्हा वर आहोत. भावोजी, रोपं लावल्यावर दर आठवड्याला उपटून मुळं बघायची नसतात."

एवढ्यात आतून हिचा आवाज आला, की दोघांपैकी कोणाला लिलावात घेणारे कोणी भेटले तर सांगा, मी दोघांनाही सोडायला तयार आहे. सामना तिथे थांबला.

परक्याच्या पैशावर असा वाद घालणे सोपे असते. गादीवरचा गडी आपल्या ओळखीचा नसतो. त्याला राखा म्हटले काय आणि सोडा म्हटले काय, आपल्या ताटातली चकली काही नरम पडत नाही. पण पुढच्याच आठवड्यात हाच प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहिला.

आमच्या गावचा एक कबड्डी संघ आहे. दिवाळी उलटली की शिमग्यापर्यंत आणि पुढेही गावोगाव स्पर्धा होतात. रात्री दिवे लावून सामने चालतात, वडापावची गाडी येते, ढोल वाजतो. एके काळी आमचा संघ आला म्हटले की लोक जेवण सोडून मैदानावर येत. गेली तीन वर्षे मात्र आम्ही पहिल्याच फेरीत बाद होतो आणि लोकांना जेवायला वेळेवर घरी जाता येते. तेव्हा संघ नव्याने बांधायचा असे ठरले. ३१ ऑक्टोबरला, शुक्रवारी संध्याकाळी, मारुतीच्या देवळात बैठक बोलावली. हंगामातल्या पहिल्या स्पर्धेसाठी बारा गड्यांची यादी रविवारपर्यंत द्यायची होती. मी खजिनदार. चाळीस वर्षे शाळेत हजेरी घेतल्यामुळे याद्या लिहायचे काम गावात माझ्याकडेच येते.

अकरा नावे झटपट झाली. अडले ते बाराव्यावर.

आमचा कप्तान म्हणजे माझा सख्खा पुतण्या. वय चौतीस, भिवंडीच्या गोदामात नोकरी, बारा वर्षे डाव्या कोपऱ्यावर उभा. त्याने घोटा धरला की चढाईवाल्याने घरी पत्र धाडावे, अशी एके काळी ख्याती. पण आता उजव्या गुडघ्याला पट्टी बांधल्याशिवाय तो मैदानात उतरत नाही, आणि पोरे त्याच्या डोक्यावरून उडी मारून जातात. त्याच्या जागी कोण, यावर देवळात दोन तट पडले. एक तट म्हणे, कल्याणकडचा एक तयार गडी आहे, हंगामाचे पंधरा हजार द्या, चढाईची चिंता मिटली. दुसरा तट म्हणे, आपल्या कातकरवाडीतले पोर घ्या. अकरावीत आहे, सतरा वर्षांचे, अंगाने काटकुळे, पण पायात मासोळी आहे.

मग काय विचारता! जो तो उठून पुण्या-मुंबईचे दाखले देऊ लागला. एकाने शादलूई काढला, दुसऱ्याने अस्लम काढला, तिसऱ्याने सिद्धार्थ देसाईच्या नावाने उसासा टाकला. माझ्या पुतण्याचे नाव मात्र कोणी घेईना, कारण तो खांबाला टेकून समोरच बसला होता. मी हातात लेखणी घेऊन खाली मान घालून बसलो. मेव्हण्यापुढे लाखा-कोटींचे गडी फटाफट राखणारा-सोडणारा मी. घरच्या पोराला 'तू थांब' म्हणायला माझी जीभ उचलेना.

शेवटी तोच बोलला. "काका, माझं नाव खोडा. कोपऱ्यावर दुसरा येईल. मी बाहेर बसून ओरडेन, आवाज अजून चांगला आहे. पण पाहुणा नको. वाडीतलं पोर घ्या."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग मागून एकजण म्हणाला, "घेतलं असतं. पण ते सोमवारी भट्टीवर जातंय."

वाचकहो, आमच्या भागाचा एक लिलाव असा आहे, की तो कोणी दाखवत नाही. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न लागले, की वाडीवर ट्रक येतात. भात कापून झालेले असते, हाताला काम नसते. पावसाळ्यात चूल पेटावी म्हणून मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पाऊस तोंडावर आला की परततात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. उचल मात्र अजून घेतली जाते, आणि एकदा अंगठा उमटला की घरातले हात मोजले जातात. तिथे पोराचे वय दातांवरून कोणी पाहत नाही, हातांवरून पाहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि पुतण्या वाडीवर गेलो. पोराचा बाप अंगणात मडकी-भांडी गोणत्यात भरत होता. मला पाहून त्याने घाईने पटका सारखा केला. "गुरुजी, तुम्ही?" म्हणाला.

मी त्याचा गुरुजी होतो हे मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता. तिसरीत आणि चौथीत तो माझ्या वर्गात होता. पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली की त्याच्या नावापुढे मी रोज गैरहजेरीची खूण करी, आणि काही आठवड्यांनी नियमाप्रमाणे त्याचे नाव कमी करी. जूनमध्ये तो पुन्हा येई, पुन्हा नाव घाली. चौथीच्या वर्षी तो जूनमध्ये आला नाही. मी चौकशीला गेलो नाही. पटावर साठ पोरे होती, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले असावे.

पुतण्याने पोराला राखण्याचे बोलणे काढले. बाप सगळे ऐकून घेऊन म्हणाला, "ऱ्हाईल ना पोर. खेळंल, शिकंल, मला नको का? पन गुरुजी, त्याच्या वाटच्या इटा कोन पाडंल?"

या प्रश्नाचे उत्तर प्रो कबड्डीच्या कोणत्याही संघाने आजवर दिलेले नाही, आणि माझ्यापाशीही नव्हते. ते पुतण्याने दिले. कल्याणच्या गड्यासाठी काढून ठेवलेले पंधरा हजार मंडळापाशी होते. ते उचलीतले पोराच्या वाटचे म्हणून मुकादमाला द्यायचे. पोर त्याच्याच घरी राहील, तिथून कॉलेजला जाईल. "माझी जागा रिकामी झालीच आहे काका, मैदानातली. घरातली आणखी एक करायला काय लागतं?" असे तो म्हणाला. खजिनदार म्हणून मी हिशेबात काय लिहू, ते मला कळेना. शेवटी लिहिले, 'गडी राखण्याबद्दल रु. १५,०००.' या एवढ्या हिशेबावर तरी गावात कोणी शंका घेतली नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. देवळातली बैठक संपली त्या रात्रीच दिल्लीत अंतिम सामना होता. पोरे पायरीवर एका फोनभोवती मधमाश्यांसारखी जमली होती. पुणे विरुद्ध दिल्ली. शेवटपर्यंत दोरी ताणलेली. आणि अखेरच्या क्षणांत पुण्याच्या चढाईवाल्याला कोणी दाबला असेल? फजल अत्राचलीने! पुण्याने २०२३ मध्ये सोडलेल्या त्याच कप्तानाने. दिल्ली ३१, पुणे २८.

थोड्या वेळाने मेव्हण्याचा फोन आला. "भावोजी, हरलो," एवढेच म्हणाला. मला पुष्कळ बोलता आले असते. पण त्या दिवशी माझ्याच हाताने घरचा कप्तान खोडला होता. मी म्हटले, "तुझी पोरं चांगली खेळली रे. राखा त्यांना." पलीकडे बराच वेळ शांतता होती. बहुधा त्याला वाटले असावे की मला बरे नाही.

आमच्या संघाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतीलच. चषक मिळाला असे लिहिता आले असते तर दिवाळी अंकाला शोभले असते. पण मिळाला नाही. पहिल्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरलो. दुसरीत पहिल्याच फेरीत. आमच्या नव्या पोराने दोन चढायांत दोनदा पाय अडकवून घेतला. माघातल्या एका स्पर्धेत मात्र त्याने एकट्याने अकरा गुण आणले, समोरच्यांवर लोण चढवला आणि आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो. डाव्या कोपऱ्यावर जो नवा उभा असतो, तो अजून हात लवकर सोडतो. पकड एकट्याची नसते, साखळीची असते. ती जुळायला दोन पावसाळे लागतील. माझा पुतण्या रेघेबाहेर पाण्याची बाटली घेऊन बसतो आणि असा ओरडतो, की पंचांनी त्याला दोनदा ताकीद दिली आहे.

आमच्या लहानपणी हुतूतूचे तीन प्रकार सांगत: गामिनी, अमर आणि संजीवनी. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर गेला तो गेला. सगळा संघ बाद होईपर्यंत त्याला परत येणे नाही. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजत राहायचे. संजीवनीत आपण समोरचा गडी मारला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन आत येतो. आजची कबड्डी या संजीवनीवर उभी आहे. मेव्हणा आणि मी इतकी वर्षे वाद घालतो, पण दोघांचेही चुकत होते असे मला आता वाटते. मला अमर खेळायचा होता, जुना गडी कधी सोडायचाच नाही. त्याला गामिनी खेळायचा होता, सोडला की मागे पाहायचे नाही. संघ नव्याने बांधायचा तर सोडावे लागते, हे त्याचे खरे. पण सोडलेला गडी रेघेबाहेर कुठे बसला आहे, हे संघाने ध्यानात ठेवायचे असते. चाळीस वर्षे पटावरची नावे कमी करताना ते माझ्या ध्यानात आले नाही.

यंदा पाऊस कमी होऊ लागला तेव्हा मुकादम वाडीवर येऊन गेला. दोन दिवसांनी पोराचा बाप माझ्या ओटीवर आला. बसेना. बराच वेळ दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला आणि मग म्हणाला, "गुरुजी, धाकटी पोरगी पाचवीला हाय. तिला कबड्डी येत नाय. पन तिचं नाव राखता येईल का?"

मी आत जाऊन वही आणली. मंडळाचे काय म्हणणे पडते ते बैठकीत कळेल. पुतण्याच्या घरात आता जागा नाही, आमच्या घरात मात्र आहे, आणि हिने ते माझ्या आधी सांगून टाकले आहे. भाऊबीजेला मेव्हणा येईल तेव्हा त्याला पहिली चढाई मीच देणार आहे. वर्गणीचे पुस्तक त्याच्यापुढे ठेवीन आणि म्हणेन, "बोल पुणेकरा, किती मोजतोस?"